ध चा मा : आनंदीबाईचा न चाललेला खटला

एखाद्या माणसावरचा आरोप भाषेत वाक्प्रचार होऊन बसला, की त्यातून त्याची सुटका ब्रह्मदेवालाही करता येत नाही. कारकुनाने हिशेबात आकडा फिरवला, कुणी दस्तात शब्द घुसडला, की आपण सहज म्हणून जातो, याने ध चा मा केला. म्हणताना शनिवारवाडा डोळ्यांपुढे येतोच असे नाही. पण हा पहिला ध चा मा जिच्या हातून झाला असे आपण शाळेच्या बाकावरून ऐकत आलो, त्या आनंदीबाईवर या आरोपासाठी कधी रीतसर खटला चालला नाही. तिचा जबाब नाही, तिच्या विरुद्धची साक्ष नाही, निकालपत्र नाही. शिक्षा मात्र आहे. ती तिने हयातीत भोगली आणि मरणानंतरही भोगतेच आहे.

नवऱ्याने घरातल्याच माणसाचा खून करवला आणि बायकोने त्याला साथ दिली, तर बायकोचा गुन्हा किती? हा प्रश्न आजही सत्र न्यायालयांत दर महिन्याला कुठे ना कुठे उभा राहतो. मराठी इतिहासात तो एवढ्या ठळकपणे दुसऱ्या कुणाच्या आयुष्यात उभा राहिलेला नाही. म्हणून आनंदीबाईचे चरित्र आज या बाजूने वाचून पाहू.

ती कोकणातली, गुहागरकडच्या ओकांची मुलगी. रघुनाथरावाची पहिली बायको जानकीबाई १७५५ साली वारली आणि लवकरच आनंदीबाई दुसरेपणावर पेशव्यांच्या घरात आली. तेव्हा नानासाहेब पेशवे होते, घराणे वैभवाच्या शिखरावर होते आणि नवरा भरारी मारून येत होता. १७५८ साली मराठी घोडी लाहोरच्या पुढे अटकेपर्यंत गेली ती याच रघुनाथरावाच्या मोहिमेत. तरुण पत्नीला आपला नवरा एक दिवस या घराचा धनी होईल असे वाटले असेल, तर त्यात आश्चर्य नाही. पण पेशवाईचा वारसा थोरल्या पातीकडे होता. तिथे गोपिकाबाईचे मुलगे होते.

पानिपतानंतर १७६१ च्या जूनमध्ये नानासाहेब वारला. थोरला मुलगा विश्वासराव पानिपतावर पडलेलाच होता. सोळा वर्षांचा माधवराव गादीवर आला आणि काका कारभारी झाला. इथून पुढची बारा वर्षे म्हणजे पेशव्यांच्या वाड्यातली भाऊबंदकी. या जावा-जावांच्या भांडणावर आपल्या बखरकारांनी, नाटककारांनी आणि कीर्तनकारांनी इतके रंग चढवले आहेत, की खालचा मूळ रंग खरवडून काढणे कठीण. इतके खरे, की गोपिकाबाई आणि आनंदीबाई दोघी मानी होत्या, दोघींना कारभारात रस होता आणि दोघींचे एकमेकींशी पटत नव्हते. आनंदीबाईला लिहिता-वाचता येत होते, राजकारण कळत होते. त्या काळच्या बाईत हा गुण मानला गेला नाही, आणि पुढे तर तोच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरला. कारण अक्षर फिरवायला आधी अक्षर यावे लागते!

काका-पुतण्यांचे वैर १७६२ साली आळेगावला थेट रणांगणात पोहोचले. तिथे माधवरावाने माघार घेऊन काकाच्या स्वाधीन होण्याचा शहाणपणा दाखवला. पुढच्या वर्षी राक्षसभुवनावर दोघे मिळून निजामाशी लढले. पण जखम भरली नाही. १७६८ साली धोडपच्या किल्ल्याजवळ माधवरावाने काकाचा पराभव केला आणि त्याला शनिवारवाड्यात आणून नजरकैदेत ठेवले. लढाईत पराक्रमी, पण घरात आणि दरबारात डळमळीत असा हा माणूस. कधी उपास धरून बसे, कधी पूजाअर्चेत बुडून जाई, कधी पळून जाण्याचे बेत करी. त्या चार भिंतींत आनंदीबाई त्याच्याबरोबर होती. कैद्याची बायको म्हणून तिने काढलेली ही वर्षे तिच्या स्वभावाचा विचार करताना सहसा कुणी हिशेबात धरत नाही.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवराव क्षयाने वारला. मरण्यापूर्वी त्याने काकाशी समेट करून धाकट्या भावाला त्याच्या पदरात घातले. हा धाकटा भाऊ म्हणजे नारायणराव. वय सतरा. उतावळा, तोंडाचा फटकळ, माणसे तोडण्यात वाकबगार. नऊ महिन्यांत त्याने बरीच माणसे दुखावली. प्रभूंच्या वेदोक्ताच्या वादात कडक पवित्रा घेऊन त्या समाजातली कर्ती माणसे दुखावली, जुने कारभारी नाराज केले, आणि काकावरचा पहारा आणखी आवळला. वाड्याच्या पहाऱ्यावरचे गारदी थकलेल्या पगारासाठी कुरकुरत होते. कट उभा राहायला एवढे सामान पुरेसे होते.

३० ऑगस्ट १७७३. भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. वाड्यात गणपती बसलेले, उद्या अनंत चतुर्दशी. त्या दिवशी रघूजी आंग्र्याकडून नारायणरावाला दगाफटक्याची कुणकुण लागली होती. त्याने हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितले. हरिपंत जेवायला गेले. एवढ्या मोठ्या घटनेत हे जेवण माझ्या मनात काट्यासारखे राहिले आहे, कारण सुरक्षेत कसूर म्हणतात ती बहुधा अशीच, साध्या भुकेइतकी साधी असते. दुपारी सुमेरसिंग, महंमद इसफ, खरगसिंग हे गारद्यांचे नायक आपली माणसे घेऊन पगाराच्या निमित्ताने आत घुसले. आडवे आलेल्यांना त्यांनी कापले, त्यात गाईवरही तलवार चालली. नारायणराव धावत काकाच्या दालनात गेला आणि त्याला बिलगला. त्याने मारलेली हाक आजही पुण्यात अमावास्येच्या रात्री ऐकू येते म्हणणारे लोक भेटतात. घरचाच नोकर तुळाजी पवार याने त्याला काकापासून ओढून काढले आणि गारद्यांनी वार केले, असे सांगतात. चापाजी टिळेकर हा सेवक धन्यावर आडवा पडला आणि धन्याबरोबरच मेला. पेशवा अठरा वर्षांचा होता. त्याची बायको गंगाबाई त्या वेळी गरोदर होती.

आता तपासाकडे वळू. रामशास्त्री प्रभुणे पेशव्यांचे मुख्य न्यायाधीश होते. ज्याने खून करवला असा संशय, तोच आता पेशवा. साताऱ्याहून त्याला वस्त्रेही आली. अशा वेळी त्याच्याच पगारावरच्या न्यायाधीशाने चौकशी करायची. रामशास्त्र्यांनी ती केली. जवळजवळ पन्नास माणसांचा कटाशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संबंध त्यांच्या चौकशीत निघाला. त्यांत गारद्यांचे नायक होते, ब्राह्मण होते, प्रभू होते, मराठे होते आणि एक कुणबीणही होती. मुख्य दोषी म्हणून त्यांनी खुद्द रघुनाथरावाकडे बोट दाखवले, याला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरा मार्ग नाही असे तोंडावर सांगितले आणि पुणे सोडून ते वाईजवळ जाऊन राहिले. पुढे बारभाईंनी त्यांना परत आणले.

ध चा मा ची कथा याच चौकशीला चिकटून येते. ग्रँट डफने आपला मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध केला, त्यात ती नोंदलेली आहे. रघुनाथरावाचे म्हणणे असे, की आपण गारद्यांना नारायणरावास धरावे एवढाच लेखी हुकूम दिला होता. तो कागद रामशास्त्र्यांच्या हाती आला तेव्हा त्यात धरावे च्या जागी मारावे असे झालेले दिसले. हा फेरफार आनंदीबाईनेच केला, असा सर्वांचा समज होता. डफ लिहितो तो हा समज. खुनाला तेव्हा त्रेपन्न वर्षे उलटली होती, पेशवाई बुडून आठ वर्षे झाली होती आणि बुडवणारा शेवटचा पेशवा, दुसरा बाजीराव, हा याच बाईचा मुलगा होता. समज किती तटस्थ असेल ते वाचकांनीच ठरवावे.

ज्या कागदावर हा सगळा इमला उभा आहे, तो कागद आज कुणाच्या दप्तरात नाही. तो असता तर हस्ताक्षर, शाई, जागा सगळे तपासता आले असते. ध चा नुसता म करून भागत नाही, त्याला कानाही द्यावा लागतो, आणि मोडीच्या सलग ओळीत त्याला जागा हवी. हा खोडसाळ तर्क झाला. कागदच नसल्यावर तो तिथेच सोडू. त्याहून जड असा एक साधा प्रश्न आहे. ज्या कटात पन्नास माणसे गुंतलेली, ज्यात निरोप तोंडी फिरत होते, पैशाचे बोलणे झालेले होते, तो कट एका अक्षराच्या आधाराने पुढे जाणार होता का? पेशव्याला जिवंत धरायला निघालेले गारदी चिठ्ठी वाचून बेत बदलतील, हे नाटकात शोभते.

आणि ही कथा खरी मानली तर तिचा फायदा कुणाला, हे पाहिले पाहिजे. फायदा फक्त एकाला आहे. रघुनाथरावाला. कथेत त्याचा गुन्हा पुतण्याला कैद करण्याइतका उतरतो आणि खून बायकोच्या खात्यावर जमा होतो. आरोपीने आपल्या बचावात सांगितलेली हकीकत दुसऱ्याविरुद्धचा पुरावा म्हणून घेताना आजचे कुठलेही न्यायालय दहा वेळा विचार करील. रामशास्त्र्यांनीही तिच्यावर विश्वास ठेवून रघुनाथरावाला सोडलेले नाही. लोकांनी मात्र निम्मा निकाल घेतला आणि निम्मा आरोपीचा बचाव घेतला, आणि दोन्ही एकत्र शिवून टाकले.

खून आपल्या इच्छेविरुद्ध झाला असे रघुनाथरावाला खरोखर वाटत असते, तर त्याने पहिल्या दिवशी काय केले असते? गारद्यांना बेड्या घातल्या असत्या. त्याने तसे केले नाही. त्याने त्यांना आश्रय दिला आणि पेशवेपदाची वस्त्रे घेतली. गुन्ह्यानंतरचे वर्तन गुन्ह्यामागच्या मनाची साक्ष देते, हा न्यायाचा जुना नियम आहे.

रामशास्त्री काशीला ज्या धर्मशास्त्रात तयार झाले, त्याला खुनातल्या भागीदारीचा प्रश्न नवा नव्हता. याज्ञवल्क्य स्मृतीवरची विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही बाराव्या शतकाच्या सुमारास कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात लिहिली गेलेली टीका, आणि महाराष्ट्रात तिचा अधिकार मोठा. तिने वध घडवणाऱ्यांचे पाच प्रकार सांगितले आहेत. प्रत्यक्ष वार करणारा तो कर्ता. त्याला या कामाला लावणारा तो प्रयोजक. आधीच निघालेल्याला संमती देऊन त्याचा धीर वाढवणारा तो अनुमंता. पळणाऱ्याला अडवून वा धरून मारेकऱ्याचे काम सोपे करणारा तो अनुग्राहक. आणि ज्याने दिलेल्या त्रासाने चिडून माणूस प्राणाला मुकतो तो निमित्ती. दोष सर्वांना, पण तारतम्याने. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीची ही विभागणी इतकी बारीक आहे, की शनिवारवाड्यातली माणसे तिच्यात एकेक करून बसवता येतात. सुमेरसिंग आणि त्याचे साथीदार कर्ते. बिलगलेल्या पेशव्याला ओढणारा तुळाजी पवार नमुनेदार अनुग्राहक. रघुनाथराव प्रयोजक.

आनंदीबाईला कुठे बसवायचे? अक्षर फिरवल्याची कथा खरी मानली, तर ती मदतनीस उरतच नाही. नवऱ्याने न दिलेला हुकूम तिने दिला, म्हणजे खुनाची प्रयोजक तीच. कथा खोटी मानली, तर उरतो तो अनुमंता. या बाबतीत मी तिची वकिली करणार नाही. एका दालनात राहणाऱ्या, नवऱ्याच्या प्रत्येक पळून जाण्याच्या बेताची माहिती असलेल्या, राजकारण जाणणाऱ्या बाईला वाड्यात शिजत असलेल्या एवढ्या मोठ्या कटाचा वासही आला नसेल, हे माझ्या मनाला पटत नाही. तिला निदान पुतण्याच्या कैदेचा बेत ठाऊक असावा आणि तो तिला नकोसा वाटला नसावा. पण पटत नाही आणि सिद्ध होते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१८६० च्या भारतीय दंड संहितेने ही रेघ अधिक स्पष्ट ओढली. कलम १०७ नुसार गुन्ह्याला अपप्रेरणा तीन रीतींनी होते : चिथावणी देऊन, कटात सामील होऊन त्याप्रमाणे काही कृती घडल्यास, किंवा हेतुपूर्वक साहाय्य करून. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम ४५ म्हणून आले आहे. नुसते माहीत असणे यात बसत नाही. नुसते जवळ असणे बसत नाही. मनातून बरे वाटणे तर नाहीच नाही. त्याच जुन्या संहितेचे कलम १११ मात्र रघुनाथरावाला जड गेले असते. एका कृत्यासाठी माणसे पाठवली आणि त्यांनी दुसरेच कृत्य केले, तरी ते दुसरे कृत्य पहिल्याचा संभाव्य परिणाम असेल, तर पाठवणारा त्यालाही जबाबदार. पगार थकलेले, तलवारी उपसलेले गारदी पेशव्याच्या वाड्यात घुसवायचे आणि मग म्हणायचे, की मी धरायलाच सांगितले होते! तेव्हा ध चा मा शब्दशः खरा धरला तरी नवऱ्याची सुटका होत नाही. बायकोवर सगळा भार टाकून लोककथेने त्याला जी सवलत दिली, ती ना रामशास्त्र्यांनी दिली, ना आजचा कायदा देईल.

नवरा-बायकोच्या नात्याला कायदा काही सवलती देतो, त्याही इथे सांगण्याजोग्या आहेत. गुन्हेगाराला लपवणे हा अपराध आहे, पण लपवणारी त्याची बायको किंवा नवरा असेल तर तो अपराध धरायचा नाही, असा अपवाद दंड संहितेने ठेवला आणि नव्या संहितेनेही तो राखला आहे. लग्नाच्या काळात एकमेकांना खासगीत सांगितलेली गोष्ट न्यायालयात उघड करायला जोडीदाराला भाग पाडता येत नाही. या सवलतींचे मर्म वेळेत आहे. खून होऊन गेल्यावर दारात आलेल्या नवऱ्याला आसरा देणारी बायको कायद्याला समजते. खुनाच्या आधी किंवा खुनाच्या वेळी हात लावणारी बायको मात्र परक्या माणसाइतकीच गुन्हेगार. तिथे मंगळसूत्र उपयोगी पडत नाही. अर्थात नंतरचा पुरावा नष्ट केला, तर त्याला अशी माफी नाही.

वेळेची ही फूटपट्टी आनंदीबाईच्या आयुष्याला लावली, की एक विचित्र गोष्ट दिसते. तिच्यावर जे आरोप आहेत ते सगळे ३० ऑगस्टच्या आधीचे. आणि तिने नवऱ्यासाठी जे केले म्हणून दाखवता येते, ते सगळे त्यानंतरचे.

नंतरचे पुष्कळ आहे. ती पेशव्याची पत्नी म्हणून मिरवली, पण फार दिवस नाही. १७७४ च्या सुरुवातीला नाना फडणीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे अशांनी बारभाईंचे कारस्थान उभे केले आणि गंगाबाईला पुरंदरावर नेले. यांतल्या सखारामबापूंवर खुद्द खुनाच्या कटाची कुणकुण असल्याचा संशय होता. फिर्यादी पक्षाच्या पहिल्या रांगेतच असा माणूस! १८ एप्रिल १७७४ रोजी गंगाबाईला मुलगा झाला, तो सवाई माधवराव. चाळीस दिवसांच्या मुलाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. रघुनाथराव उत्तरेकडे पळाला, मग गुजरातेत गेला. गरोदर आनंदीबाईला त्याने वाटेत धारच्या किल्ल्यावर पवारांच्या आश्रयाला ठेवले. तिथे १७७५ च्या जानेवारीत तिला मुलगा झाला, त्याचे नाव बाजीराव. बारभाईंच्या फौजांनी धारला वेढा घातला आणि बाळंतीण आपल्या मुलासह त्यांच्या ताब्यात आली.

त्याच सुमारास, ६ मार्च १७७५ ला, तिचा नवरा सुरतेत मुंबईकर इंग्रजांशी तह करत होता. साष्टी आणि वसई देऊन पेशवेपद मिळवायचे होते. त्यातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध पेटले, वडगावला इंग्रजांची फजिती झाली आणि १७८२ साली सालबाईच्या तहाने ते मिटले. एका खुनाचा खटला न चालल्याची एवढी किंमत राज्याने मोजली. त्यातून गारदीही सुटले नाहीत. तुळाजी पवार हैदरअलीच्या आश्रयाला होता. पुण्याचे आणि हैदरचे सूत जमल्यावर त्याला परत आणून देहान्त शिक्षा दिली गेली. हाताखालच्यांना फाशी आणि धन्याला तनखा, असा एकूण हिशेब. सालबाईच्या तहात रघुनाथरावाला दरमहा पंचवीस हजार रुपये ठरले. तो गोदावरीकाठी कोपरगावला येऊन राहिला आणि १७८३ च्या डिसेंबरात वारला.

आनंदीबाई तेव्हा पुन्हा गरोदर होती. नवऱ्यामागे १७८४ साली धाकटा चिमाजी जन्मला. घरात दत्तक अमृतराव होता, नऊ वर्षांचा बाजीराव होता. आरोपी मेला, की त्याच्यावरचा खटला संपतो. इथे आरोपी मेला आणि त्याची कैद त्याच्या बायकोला आणि मुलांना वारशाने मिळाली. नाना फडणिसांचा पहारा कोपरगावावरून उठला नाही. नानांच्या बाजूने पाहिले तर त्यांचे चुकले असेही म्हणवत नाही. सवाई माधवराव लहान, दुसऱ्या शाखेतली मुले वयात येणार, त्यांची आई अशी. राज्य सांभाळणाऱ्याला हा बंदोबस्त करावाच लागला असता. फक्त त्याला न्याय म्हणू नये. पेशवाईत बाईला सहसा देहान्त शिक्षा होत नसे, कैद होत असे. म्हणजे तिच्यावर खटला चालून ती दोषी ठरली असती, तरी शिक्षा बहुधा हीच झाली असती. निर्दोष ठरली असती तरीही राजकारणाने हेच केले असते. मग खटला चालवायची तसदी कोण घेणार?

आणि बाहेर गोष्ट वाढत होती. राज्याचा वारस घरातच मारला गेला, आणि तोही काकाच्या हुकमाने, हे सत्य समाजाला पचवायला कठीण. अटकेपर्यंत गेलेला वीर पुतण्याचा खुनी निघतो. त्यापेक्षा बायकोने बिघडवलेला भोळा वीर बरा. आपल्याकडे रामायणापासून ही सोय आहे. दशरथाचा शब्द विसरला जातो, कैकेयी लक्षात राहते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे भाऊबंदकी १९०९ साली रंगभूमीवर आले आणि ही माणसे घरोघर पोहोचली. १९४४ साली प्रभातचा रामशास्त्री चित्रपट आला. त्यातली ललिता पवारांची आनंदीबाई ज्यांनी पाहिली, त्यांना दुसरी आनंदीबाई असू शकते असे सांगून पटणे कठीण. नट-लेखकांचा यात दोष नाही. नाटकाला हात दिसावा लागतो, आणि शाईत बुडालेल्या हातासारखा दिसणारा हात दुसरा कुठला?

एका गोष्टीचे मला वाईट वाटते. या सगळ्या गदारोळात नवऱ्याच्या गुन्ह्यात बायकोचा खरा वाटा किती असतो, ती कुठे नुसती बायको असते आणि कुठे भागीदार होते, हा अवघड प्रश्न आपण एका अक्षरात उरकून टाकला. रामशास्त्र्यांनी पन्नास माणसांचा वाटा मोजण्याचे कष्ट घेतले होते.

शेवटच्या काळात आनंदीबाईला कोपरगावाहून नाशिकजवळच्या आनंदवल्लीला हलवण्यात आले. गोदेच्या काठचे हे गाव. रघुनाथरावाने इथे वाडा बांधला होता आणि गावाला नाव पडले ते हिच्याच नावावरून. इथून वर थोड्या अंतरावर गंगापूर. नवरा गेल्यावर आणि माधवरावाशी बिनसल्यावर गोपिकाबाईने आपले वैधव्य तिथे काढले होते. तीन मुलगे गमावून तीही १७८८ साली नाशिकलाच वारली. ज्या दोन जावांच्या भांडणाने पेशवाई फोडली म्हणतात, त्या दोघींचे शेवटचे दिवस एकाच नदीच्या काठी, थोड्या वर्षांच्या आणि थोड्या कोसांच्या अंतराने सरले.

१७९४ च्या मार्चमध्ये आनंदीबाई आनंदवल्लीला वारली. तिच्या मुलांना तिथून जुन्नरला नेऊन शिवनेरीवर ठेवण्यात आले. दीड वर्षाने सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या माडीवरून पडून मेला, आणि १७९६ साली बाजीराव त्याच वाड्यात पेशवा म्हणून गेला. ते पाहायला आई नव्हती. आनंदवल्ली आता नाशिक शहरात सामावून गेले आहे. नदीकाठी नवश्या गणपतीचे देऊळ आहे, तिथे मंगळवारी आणि चतुर्थीला गर्दी असते. मुलगा व्हावा म्हणून राघोबादादा आणि आनंदीबाईने केलेल्या नवसाचा हा गणपती, असे गावातले लोक सांगतात.